जुन्या अँग्लिकन पाद्र्याच्या चरित्रातल्या नोंदी कशा पडताळाव्यात? पॅट्रिक ब्राँटे यांच्या उदाहरणासह वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शार्लट, एमिली आणि अ‍ॅन ब्राँटे या इंग्रज कादंबरीकार बहिणींवर मराठीत लिहायचं म्हटलं की त्यांच्या वडिलांबद्दल, म्हणजे पॅट्रिक ब्राँटे या अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) पाद्र्याबद्दल, चार ओळी लिहाव्याच लागतात. नेमक्या त्याच चार ओळींत चुका राहून जातात. मी चरित्रकोशासाठी नोंदी तपासते. अनुवादक, प्राध्यापक आणि स्वतःच्या हौसेने शोध घेणारे वाचक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. तुमचा पाद्री दुसरा कोणी असला तरी चालेल, तपासण्याची रीत तीच.

पॅट्रिक ब्राँटे यांचंच उदाहरण का घेतलं?

दोन कारणांसाठी. पहिलं म्हणजे त्यांच्या आयुष्यात अशा तपासणीतली जवळजवळ प्रत्येक अडचण सापडते. आडनाव बदललेलं, जन्माची नोंद नाही, हुद्दा सर्रास चुकीचा सांगितला जातो आणि नावावर ऐकीव गोष्टी चिकटलेल्या. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याबद्दल छापलेलं खोटं या माणसाला हयातीतच, ऐंशीव्या वर्षी, वाचावं लागलं. तोवर बायको आणि सहाही मुलं जग सोडून गेली होती. आपण न तपासता तेच पुन्हा छापतो तेव्हा हा अन्याय पुढे चालू ठेवतो.

थोडक्यात आयुष्य असं. जन्म १७७७, आयर्लंडमधल्या काउंटी डाउन इथे. १८०२ मध्ये केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात सायझर म्हणून, म्हणजे सवलतीच्या फीवर शिकणारा गरीब विद्यार्थी म्हणून प्रवेश. १८०६ मध्ये बी.ए. आणि डीकनची, म्हणजे पाद्रीपणाच्या पहिल्या पायरीची दीक्षा, १८०७ मध्ये प्रीस्टची, म्हणजे पूर्ण पाद्र्याची. मग वेदर्सफील्ड, वेलिंग्टन, ड्यूसबरी, हार्ट्सहेड, थॉर्नटन, आणि १८२० पासून यॉर्कशायरमधलं हॉवर्थ. तिथेच ७ जून १८६१ ला, ८४ व्या वर्षी निधन.

सुरुवात कुठून करायची?

आपल्या इतिहासकारांनी घालून दिलेल्या धड्यापासून. बखर वेगळी आणि अस्सल कागद वेगळा. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरं गोळा केली ती याचसाठी. घटनेच्या वेळी, त्या कामाशी संबंध असलेल्या माणसाने लिहिलेला कागद पहिल्या प्रतीचा. पुढे आठवणीतून लिहिलेलं दुसऱ्या प्रतीचं. तिसऱ्याकडून ऐकून चौथ्याने लिहिलेलं म्हणजे बखर, मग ते कितीही सुंदर इंग्रजीत असो.

तुमच्याकडे असलेल्या माहितीचं प्रत्येक विधान वेगळ्या ओळीत लिहून काढा: नाव, जन्म, आईवडील, शिक्षण, दीक्षा, नेमणुका, लग्न, मृत्यू, स्वभाव. प्रत्येक ओळीसमोर ‘हे मुळात कोणी, कधी, कशावरून लिहिलं?’ याचं उत्तर लिहायचा प्रयत्न करा. निम्म्या ओळींसमोर काहीच लिहिता येत नाही, हे तेव्हाच कळतं. आणि दहा ठिकाणी एकच वाक्य सापडलं म्हणजे दहा साक्षीदार मिळाले असं होत नाही. नऊ जणांनी दहाव्याचं उतरवून घेतलं असेल, तर साक्षीदार एकच.

त्यांचं खरं आडनाव काय? ब्रंटी, प्रंटी की ब्राँटे?

आयर्लंडमध्ये हे घराणं ब्रंटी, प्रंटी अशा वेगवेगळ्या रूपांत नोंदलेलं सापडतं. तेव्हा स्पेलिंग ठरवायचा तो लिहून घेणारा, आणि ज्याचं नाव लिहिलं जाई त्याला अनेकदा वाचताच यायचं नाही. ऑक्टोबर १८०२ मध्ये सेंट जॉन्स कॉलेजच्या वहीत त्यांचं नाव ‘ब्रँटी’ असं चढलं. आयरिश उच्चार ऐकून कारकुनाने जे टिपलं ते. दोनच दिवसांनी राहायला आल्याची नोंद करताना पॅट्रिकनी ते बदलून ‘ब्राँटे’ करून घेतलं.

त्याआधी तीन वर्षं, १७९९ मध्ये, सिसिलीतल्या ब्राँटेची ड्यूकगिरी अ‍ॅडमिरल नेल्सनला मिळाली होती. त्यावरून हे रूप सुचलं असावं असं बहुतेक चरित्रकार मानतात. मला ते पटतं, पण लिहिताना ‘असावं’ हा शब्द ठेवा. त्यांनी स्वतः तसं सांगितल्याचा पुरावा म्हणून हे मांडू नका. शेवटच्या अक्षरावरचे दोन टिंबही सुरुवातीपासून नव्हते, वेगवेगळ्या खुणा वापरत ते पुढे स्थिरावले.

शोधताना याचा उपयोग असा: एकाच स्पेलिंगने शोधून ‘नोंद नाही’ असा निष्कर्ष काढू नका. ज्याने नोंद केली त्याच्या कानाला नाव कसं लागलं असेल ते मनात म्हणून पाहा आणि तशी पाच-सहा रूपं शोधा.

जन्मतारीख १७ मार्च १७७७ अशी सगळीकडे दिसते. तिला आधार काय?

बाप्तिस्म्याच्या नोंदीचा आधार नाही. तशी नोंदच नाही, आणि ती का नाही हे सांगणारा कागद मात्र आहे. हे उदाहरण मला फार प्रिय आहे.

दीक्षा घ्यायची तर उमेदवाराला वयाचा पुरावा द्यावा लागे. डीकन होण्यासाठी किमान २३ वर्षं पूर्ण, प्रीस्टसाठी २४. बाप्तिस्म्याचा उतारा जोडला की काम भागायचं. पॅट्रिककडे उतारा नव्हता. तेव्हा त्यांच्या गावच्या ड्रमबॅलीरोनी पॅरिशचे (एका चर्चच्या हद्दीतला भाग तो पॅरिश) पाद्री टॉमस टाय यांनी डिसेंबर १८०५ मध्ये एक दाखला लिहून दिला. याच टाय यांच्या घरी पॅट्रिक मुलांना शिकवत असत. दाखल्यातला मजकूर असा, की रजिस्टरप्रमाणे विल्यम ब्राँटे याचा बाप्तिस्मा १६ मार्च १७७९ रोजी झाला. सध्या केंब्रिजला असलेला पॅट्रिक हा या विल्यमचा थोरला भाऊ. आणि मी सप्टेंबर १७७८ मध्ये इथे येईपर्यंत या पॅरिशमध्ये बाप्तिस्म्याचं रजिस्टर कधी ठेवलंच जात नव्हतं.

धाकट्या भावाच्या नोंदीवरून थोरल्याचं वय सिद्ध करणारा असा हा दाखला. यातून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, ते नीट पाहा. पॅट्रिक मार्च १७७९ च्या आधी जन्मले, हे पक्कं. १७७७ हे साल याच्याशी जुळतं. पण १७ मार्च हा दिवस, जो सेंट पॅट्रिकचा सण आहे, कुठल्याही रजिस्टरवरून आलेला नाही. मुलगा त्या दिवशी जन्मला म्हणून नाव पॅट्रिक ठेवलं हे अगदी शक्य आहे. माझ्या नोंदीत मी तारीख देते आणि शेजारी ‘परंपरेने’ असं लिहिते.

टाय यांनी १८०५ मध्ये विल्यमचंही आडनाव ‘ब्राँटे’ असं लिहिलं, हेही लक्षात ठेवा. उतारा देणारा माणूस जुन्या नोंदीतलं नाव नव्या रूपात लिहितो. म्हणून उतारा पाहून थांबू नये, मूळ पान पाहावं.

ते हॉवर्थचे व्हिकर होते की रेक्टर?

दोन्ही नाही. ते ‘पर्पेच्युअल क्युरेट’ होते. एका जुन्या लेखात मी स्वतः ‘हॉवर्थचे व्हिकर’ असं लिहिलं होतं. एका वाचकाने सविस्तर पत्र पाठवून ते दुरुस्त केलं, तेव्हापासून या शब्दांकडे मी फार बारकाईने पाहते.

पॅरिशचा पूर्ण दशांश कर मिळणारा तो रेक्टर. कराचा मोठा वाटा दुसऱ्याकडे, एखाद्या कॉलेजकडे किंवा जमीनदाराकडे, गेलेला असेल आणि पाद्र्याला लहान वाटाच मिळत असेल तर तो व्हिकर. यांच्या हाताखाली पगारावर काम करणारा तो साधा क्युरेट, त्याची नोकरी वरच्याच्या मर्जीवर. पर्पेच्युअल क्युरेटची गोष्ट निराळी. त्याला दशांश नाही, पण बिशपचा परवाना एकदा मिळाला की त्याला सहजासहजी काढता येत नाही. हॉवर्थ हे स्वतंत्र पॅरिशच नव्हतं, ब्रॅडफर्डच्या मोठ्या पॅरिशमधलं ते एक चॅपल, म्हणजे दुय्यम चर्च, होतं. म्हणून तिथे व्हिकर असण्याचा प्रश्न नव्हता. व्हिकर बसायचे ब्रॅडफर्डला.

मग चूक इतकी पसरली कशी? १८६८ च्या कायद्याने अशा पर्पेच्युअल क्युरेटना ‘व्हिकर’ म्हणवून घ्यायची मुभा मिळाली. त्यानंतर लिहिणाऱ्यांनी आपल्या काळातला शब्द मागच्या काळाला लावला. पॅट्रिक त्याआधी सात वर्षं वारले होते.

नेमणुकीच्या तारखेबाबतही असाच घोळ दिसतो. कुठे १८१९, कुठे १८२०. ब्रॅडफर्डच्या व्हिकरनी १८१९ मध्ये त्यांचं नाव सुचवलं, पण हॉवर्थच्या विश्वस्तांनी ‘निवडीत आमचाही हक्क आहे’ म्हणून वाद घातला आणि पॅट्रिकनी माघार घेतली. मग व्हिकरनी सॅम्युएल रेडहेड यांना पाठवलं, तर लोकांनी चर्चमध्ये इतका दंगा केला की काही आठवड्यांत ते निघून गेले. शेवटी दोन्ही पक्षांच्या संमतीने फेब्रुवारी १८२० मध्ये पॅट्रिकना परवाना मिळाला आणि एप्रिलमध्ये कुटुंब राहायला आलं. नाव सुचवल्याची तारीख, परवान्याची तारीख आणि मुक्कामाची तारीख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कुठली देताय ते सांगा, म्हणजे वाद उरत नाही.

जुन्या कागदात नावापुढे ‘क्लार्क’ लिहिलंय. ते आधी कारकून होते का?

नाही. इथे ‘क्लार्क’ म्हणजे दीक्षा घेतलेला पाद्री. लग्नाची नोंद, मृत्युपत्र, जमिनीचे कागद, सगळीकडे हा शब्द भेटतो आणि मराठी अनुवादात त्याचा ‘कारकून’ झालेला मी अनेकदा पाहिला आहे. तसंच ‘लिव्हिंग’ म्हणजे राहणीमान नव्हे, पाद्र्याची उत्पन्नासह असलेली जागा. ‘इनकंबंट’ म्हणजे त्या जागेवर सध्या असलेला पाद्री.

दीक्षा आणि नेमणुकांचे पुरावे कुठे सापडतात?

१५४० ते १८३५ या काळातला पाद्री असेल तर इंग्लंड-वेल्सच्या पाद्र्यांचा ‘क्लर्जी डेटाबेस’ इंटरनेटवर फुकट पाहता येतो. बिशपांच्या वह्यांतून दीक्षा, परवाने, नेमणुका त्यात उतरवल्या आहेत. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांसाठी व्हेन यांची आणि ऑक्सफर्डसाठी फॉस्टर यांची मोठी सूची आहे. पाद्र्यांच्या छापील याद्यांपैकी ‘क्लर्जी लिस्ट’ १८४१ पासून आणि ‘क्रॉकफर्ड’ १८५८ पासून निघू लागली. क्रॉकफर्डमधली माहिती बरीचशी पाद्र्यांनी स्वतः भरून पाठवलेली असे, तेव्हा नेमणुकांसाठी ती उत्तम, पण तिला स्वतंत्र साक्ष समजू नका.

ज्यांना मुळापर्यंत जायचंय त्यांनी आधी ते गाव त्या वर्षी कुठल्या बिशपच्या हद्दीत होतं ते शोधावं. हॉवर्थ १८३६ पर्यंत यॉर्कच्या हद्दीत होतं, मग नव्याने स्थापन झालेल्या रिपनच्या. एकाच चर्चचे, एकाच माणसाचे कागद त्यामुळे दोन दप्तरखान्यांत विभागले जातात. पॅट्रिक यांची पहिली नेमणूक एसेक्समधल्या वेदर्सफील्डला, ती लंडनच्या बिशपकडे. एका ठिकाणी सापडलं नाही म्हणून हात टेकू नका, बहुतेक वेळा पत्ता चुकलेला असतो.

पॅरिशची रजिस्टरं वाचताना काय सांभाळायचं?

इंग्लंडमध्ये ही रजिस्टरं ठेवायचा हुकूम १५३८ चा. १५९८ पासून दरवर्षी एक नक्कल बिशपकडे पाठवायची, म्हणजे मूळ वही वाळवीने खाल्ली तरी नक्कल मिळायची शक्यता राहते. लग्नाच्या नोंदी १७५४ पासून ठरावीक नमुन्यात, सह्यांसकट. बाप्तिस्मा आणि दफन यांचे छापील रकाने १८१३ पासून. या रकान्यांत वडिलांचा व्यवसाय आणि विधी करणाऱ्याचं नावही येतं, म्हणून १८१३ नंतरचं काम बरंच सोपं होतं.

रजिस्टरात जन्म नसतो, बाप्तिस्मा असतो. शार्लटचा जन्म २१ एप्रिल १८१६, बाप्तिस्मा २९ जूनला. सूचीत २९ जून पाहून कोणी ती जन्मतारीख म्हणून टाकली की झालं.

१७५२ च्या आधीच्या तारखा असतील तर आणखी सावध राहा. त्या वर्षी इंग्लंडने पंचांग बदललं, २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. त्याआधी तिथे नवं साल २५ मार्चला लागायचं. म्हणजे मूळ वहीत ‘फेब्रुवारी १७१९’ असेल तर आपल्या हिशेबाने ते १७२०. शके आणि इसवी सन यांची सांगड घालताना आपण पौष-माघात जी काळजी घेतो, तीच इथे घ्यायची.

आता एक नोंद जवळून पाहू. २९ डिसेंबर १८१२, गाइझली गावचं चर्च. पॅट्रिक आणि मरिया ब्रॅनवेल यांचं लग्न लावलं विल्यम मॉर्गन या पाद्री मित्राने. त्याच सकाळी, त्याच ठिकाणी, मॉर्गन आणि मरियाची मामे-आतेबहीण जेन फेनेल यांचं लग्न लागलं, आणि ते लावलं पॅट्रिकनी. जेनचे वडील स्वतः धर्मोपदेशक, पण त्यांना दोन्ही नवऱ्या मुलींना वराच्या हाती सोपवायचं होतं, म्हणून मित्रांनी एकमेकांची लग्नं लावली. घाईत वाचणारा इथे हमखास चुकतो. पॅट्रिक हे नाव एका नोंदीत वर म्हणून आणि दुसरीत विधी करणारा म्हणून येतं. नाव सापडलं की थांबायचं नाही, ते कुठल्या रकान्यात आहे ते पाहायचं. हाच विल्यम मॉर्गन पुढे शार्लटच्या बाप्तिस्म्यातही विधी करणारा म्हणून भेटतो, आणि ही दोन घरं किती जवळची होती ते कुठलंही चरित्र न उघडता कळतं.

ते मुलांना मांस देत नसत, बायकोचा रेशमी झगा त्यांनी फाडला, रागाने पिस्तुलं झाडत. हे खरं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आणि याचं उत्तर देताना मला दर वेळी वाईट वाटतं.

या कथा कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केल यांनी लिहिलेल्या शार्लटच्या चरित्रातून पसरल्या. चरित्र मार्च १८५७ मध्ये निघालं. ते लिहा अशी विनंती १८५५ मध्ये, शार्लट गेल्यानंतर, खुद्द पॅट्रिक यांनीच केली होती. पण कथा त्याहून जुन्या आहेत. ऑगस्ट १८५० मध्ये गॅस्केल विंडरमियरजवळ शार्लटला पहिल्यांदा भेटल्या आणि लगेच त्यांनी मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात या कथा येतात. तोवर त्यांनी पॅट्रिकना पाहिलंही नव्हतं. सांगितल्या होत्या यजमानीण लेडी के-शटलवर्थ यांनी. त्यांना त्या कळल्या एका बाईकडून, जी १८२१ मध्ये मरियाच्या शेवटच्या आजारपणात सेवेला होती आणि जिला कामावरून काढलं होतं. म्हणजे एकोणतीस वर्षांपूर्वीची, नाराज होऊन गेलेल्या बाईने सांगितलेली, तिसऱ्या तोंडून आलेली हकीकत. गॅस्केल यांच्या मनात पॅट्रिक भेटीआधीच तयार झाले होते.

आता एकेक तपासू. मांसाचं घ्या. २४ नोव्हेंबर १८३४ रोजी सोळा वर्षांच्या एमिलीने आणि चौदा वर्षांच्या अ‍ॅनने मिळून एक चिठोरं लिहिलं. त्यात त्या दिवशी जेवायला काय आहे ते आहे: उकडलेलं गोमांस, सलगम, बटाटे आणि सफरचंदाचं पुडिंग. कुणाला काही सिद्ध करून दाखवायला ते लिहिलेलं नाही. स्वयंपाकघरात बसून दोन मुली काय चाललंय ते टिपत होत्या. असा कागद शंभर आठवणींना भारी पडतो.

पिस्तुलांचं. पॅट्रिक हार्ट्सहेडला असताना, एप्रिल १८१२ मध्ये, जवळच्या रॉफोल्ड्स गिरणीवर यंत्रं फोडणाऱ्या लडाइट कामगारांनी हल्ला केला. त्या काळापासून ते रात्री भरलेलं पिस्तूल जवळ ठेवत. त्या बनावटीच्या पिस्तुलातली गोळी सुरक्षित काढायची म्हणजे ती झाडूनच टाकावी लागे, ती ते सकाळी झाडत. घटना खरी, पण तिला दिलेला रागाचा रंग खोटा.

झगा, मुलांचे जाळलेले रंगीत बूट, चुलीत कोंबलेली सतरंजी, खुर्च्यांच्या कापलेल्या पाठी, यातलं काहीही आपण केलं नाही असं पॅट्रिकनी गॅस्केल यांना कळवलं. ३० जुलै १८५७ चं ते पत्र वाचताना मला भरून येतं. मी थोडा विक्षिप्त आहे हे नाकारत नाही, असं ते लिहितात, आणि पुढे म्हणतात की मी शांत, चाकोरीतल्या माणसांपैकी असतो तर बहुधा माझी मुलं जशी झाली तशी झालीच नसती. सगळी मुलं गमावलेल्या म्हाताऱ्या बापाने मनात कडवटपणा न ठेवता हे लिहिलं आहे. त्याच वर्षी निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीत यातल्या बहुतेक कथा वगळल्या गेल्या.

इथेच मराठी लेखकांची फसगत होते. आज बाजारात मिळणाऱ्या पुनर्मुद्रणांत काही पहिल्या आवृत्तीवरून केलेली आहेत, काही तिसऱ्या आवृत्तीवरून. पुस्तक एकच, पण पॅट्रिक दोन. हातातली प्रत कुठल्या आवृत्तीची आहे ते संपादकीय टिपेत पाहिल्याशिवाय एकही वाक्य उचलू नका.

स्वभावासारखी गोष्ट कागदांवरून कळते तरी का?

बऱ्यापैकी कळते. हॉवर्थचं पाणी घाण होतं, म्हणून पॅट्रिकनी सरकारी आरोग्य मंडळाकडे सतत पाठपुरावा केला. त्यातून बेंजामिन हर्शेल बॅबेज तपासणीला आले आणि १८५० मध्ये त्यांचा अहवाल छापला गेला. गावातलं मृत्यूचं सरासरी वय २५.८ वर्षं, हा आकडा त्यातलाच. घरच्या औषधोपचाराच्या पुस्तकाच्या समासात पॅट्रिकनी स्वतःच्या अक्षरात टिपणं केली आहेत. ऑगस्ट १८४६ मध्ये मँचेस्टरला त्यांच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, भूल न देता. या कागदांतून दिसणारा माणूस मुलांना उपाशी ठेवणाऱ्या बापाशी जुळत नाही.

एकाच नावाचे दोन पाद्री असतील तर?

नेमणुकांची साखळी लावा आणि वय मोजा. प्रसिद्ध उदाहरण सेल्बोर्नच्या गिल्बर्ट व्हाइट यांचं. निसर्ग-निरीक्षक व्हाइट (१७२०–१७९३) सेल्बोर्नचे व्हिकर होते असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं. व्हिकर होते त्यांचे आजोबा, त्यांचंही नाव गिल्बर्ट व्हाइट. ती जागा देण्याचा हक्क ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजकडे, आणि नातू ओरिएल कॉलेजचे फेलो. म्हणून ते सेल्बोर्नला फक्त क्युरेट म्हणून काम पाहत. चित्रांबाबतही जपा. व्हाइट यांचं रीतसर काढलेलं खात्रीचं तैलचित्र नाही, मित्राने त्यांच्या एका पुस्तकात काढलेली दोन छोटी रेखाचित्रं तेवढी आहेत.

शिरगणतीतल्या वयावर विश्वास ठेवावा का?

इंग्लंडमधल्या १८५१ आणि १८६१ च्या शिरगणतीतल्या वयांवर बऱ्यापैकी. १८४१ मध्ये मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली जात, ६४ वर्षांचा माणूस ६० चा दिसतो. तिच्यावरून जन्मसाल काढू नका.

मुंबई इलाख्यातल्या किंवा मराठी अँग्लिकन पाद्र्यांचं कसं शोधायचं?

आधी तो माणूस अँग्लिकन होता का ते ठरवा. आपल्याकडे सगळ्यांना सरसकट ‘मिशनरी’ म्हणतात. मुंबईचे जॉन विल्सन स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, बाबा पदमनजी स्कॉटिश फ्री चर्चचे, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड टिळक अमेरिकन मराठी मिशनचे. यांच्यापैकी कोणीही अँग्लिकन यादीत सापडणार नाही आणि ते बरोबरच आहे.

इंग्रज चॅप्लेन, म्हणजे कंपनीने किंवा सरकारने नेमलेला पाद्री, असेल तर मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या मालिकेत आहेत. बंगालच्या ‘एन/१’, मद्रासच्या ‘एन/२’. मुंबईला स्वतंत्र बिशप १८३७ पासून, त्याआधीचं कलकत्त्याच्या बिशपकडे शोधा. चर्च मिशनरी सोसायटीची कागदपत्रं बर्मिंगहॅम विद्यापीठात आहेत. नाशिकच्या शरणपूरवर काम करणाऱ्यांना ती पाहावीच लागतील.

नीळकंठशास्त्री म्हणजेच नेहेम्या गोरे यांच्याबद्दल वरचेवर विचारणा होते. चित्पावन घराणं, जन्म १८२५ चा झाशीकडचा, वाढले काशीत, बाप्तिस्मा १८४८ मध्ये जौनपूरला, पुढे अँग्लिकन पाद्री. ते मराठी म्हणून मुंबईच्या कागदांत शोधत बसाल तर बाप्तिस्मा सापडणार नाही, जौनपूर बंगालच्या बाजूला. शिवाय नाव दोन्ही रूपांत शोधायला हवं.

पॅट्रिक ब्राँटे यांचाही एक धागा इकडे येतो. केंब्रिजला त्यांना पैशांची चणचण होती, तेव्हा १८०४ मध्ये त्याच कॉलेजातल्या हेन्री मार्टिन यांनी खासदार विल्यम विल्बरफोर्स यांना पत्र लिहून मदत मिळवून दिली. हेच मार्टिन पुढे कंपनीचे चॅप्लेन म्हणून हिंदुस्थानात आले आणि १८११ मध्ये मुंबईत थांबून इराणकडे गेले. त्यांची पत्रं आणि रोजनिशी ही पॅट्रिक यांच्या विद्यार्थिदशेची स्वतंत्र साक्ष आहे. ती रोजनिशी पाहायचं कोणाला सुचत नाही, कारण ती ‘हिंदुस्थान’ या कपाटात ठेवलेली असते.

दोन पुरावे एकमेकांना छेद देत असतील तर नोंदीत काय लिहू?

दोन्ही लिहा आणि तुमचा कल कुणाकडे, का, ते एका वाक्यात सांगा. मधलं काहीतरी काढून तिसरीच तारीख तयार करू नका.

छापून गेलेली चूक दुरुस्त कशी करायची?

लेखी, पुराव्यासकट आणि लवकर. गॅस्केल यांच्या पुस्तकात ब्राँटेंच्या घरच्या जुन्या दोघी मोलकरणी, नॅन्सी आणि सेरा गार्स, उधळ्या ठरवल्या गेल्या होत्या. पॅट्रिकनी ऑगस्ट १८५७ मध्ये स्वतःच्या सहीने त्यांना दाखला लिहून दिला, की या दोघी माझ्या घरी प्रामाणिक होत्या आणि त्यांनी काहीही वाया घालवलं नाही. स्वतःवरच्या आरोपांबद्दल कडवटपणा न ठेवणाऱ्या या माणसाने नोकरांवरचा आरोप मात्र राहू दिला नाही.

दगडावरची चूक अवघड. अ‍ॅन २८ मे १८४९ ला स्कारबरोला वारली, तिचं थडगं तिथेच आहे. १८५२ मध्ये शार्लट तिथे गेली तेव्हा तिला शिळेवर पाच चुका आढळल्या आणि तिने शिळा पुन्हा कोरून घेतली. तरी वय राहिलंच. त्यावर ‘२८’ असं आहे, अ‍ॅन २९ वर्षांची होती. कुणीतरी महिन्यातली तारीख वयाच्या जागी घातली असावी. अजूनही कितीतरी लेखांत अठ्ठावीस येतं ते या शिळेमुळे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने आता तिच्यावरची अक्षरं झिजली आहेत. २०११ मध्ये ब्राँटे सोसायटीने मूळ शिळेला हात न लावता तिच्या पायाशी नवी पाटी बसवली. तिच्यावर जुना मजकूर जसाच्या तसा आहे, आणि खाली लिहिलं आहे की मूळ शिळेवर वय चुकलं आहे, मृत्यूसमयी अ‍ॅन एकोणतीस वर्षांची होती.